बरेनच्या कातळावरचा गोल कोट

बॅलिव्हॉन गाव मागे पडलं की रस्ता चढू लागतो आणि पश्चिम आयर्लंडची ती प्रसिद्ध हिरवळ संपते. पुढे लांबवर राखाडी चुनखडीचा कातळ. क्लेअर परगण्यातला हा बरेनचा माळ. मे महिना होता. कातळाच्या भेगांतून जेन्शनची गर्द निळी फुलं वर आली होती. वाटेत पोलनाब्रोनचं पाच हजार वर्षांहून जुनं दगडी थडगं लागलं. तिथे बसगाड्यांची रांग होती. मला जायचं होतं तिथून जवळच असलेल्या काहरकॉनेलला.

हा दगडी गोल कोट एका शेतात उभा आहे, आणि ते शेत आजही कसलं जातं. कोटाचा व्यास सुमारे ४२ मीटर. भिंत तीनेक मीटर जाड आणि चुना-माती न घालता रचलेली, आपल्या कोकणातल्या गडग्यासारखी. तिच्या आत उभी राहिले तेव्हा वारा एकदम थांबला. समोर गवत आणि त्यात घरांचे पाये. इथे शिबंदी नव्हती, तोफा नव्हत्या. हे एका मातब्बर कुटुंबाचं राहतं घर होतं. त्या काळच्या आयर्लंडमध्ये माणसाची पत आणि गुन्ह्याचा दंड दुभत्या गायींत मोजत. गुरं पळवून नेणं हीच मोठी लूट, म्हणून घराभोवती एवढी भिंत.

देशभरात असे सुमारे ४५,००० मातीचे आणि दगडी कोट नोंदलेले आहेत. बहुतेक इ.स. ५०० ते १००० या काळातले. काहरकॉनेल मात्र दहाव्या शतकात बांधला गेला आणि पुढे कित्येक शतकं नांदता राहिला. उत्खननात इथे अकराव्या शतकातली एक लेखणी सापडली: हाडाची दांडी आणि टोकाला तांब्याच्या मिश्रधातूची निब. लिहिणं म्हणजे मठातल्या साधूंचं काम, असं आपण वाचत आलो. गुरांच्या धन्याच्या घरात कुणीतरी शाईत लेखणी बुडवत होतं, हे कळल्यावर मी त्या गवताकडे बराच वेळ पाहत राहिले.

बाहेर मेंढ्या वळवण्याचं प्रात्यक्षिक चाललं होतं. ‘कम बाय’ अशी हाक आली की कोली कुत्रा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कळपाला वळसा घालतो. बरेनमध्ये गुरं उन्हाळ्यात खाली आणि हिवाळ्यात डोंगरावर असतात. उन्हाळ्यात तापलेला चुनखडक ऊब धरून ठेवतो आणि पाणी निचरून जातं, त्यामुळे थंडीतही वर कोरडी जागा आणि चारा मिळतो. गुरांनी हिवाळ्यात जाड गवत खाल्लं म्हणूनच वसंतात ती निळी फुलं उजेडात येतात.

असे कोट परीलोकांचे, त्यांना हात लावला तर घरावर संकट येतं, असं आयरिश शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. जमीन सपाट करण्याच्या ओघात पुष्कळ कोट गेले, तरी माझ्या मते कायद्याहून या धाकानेच जास्त वाचवले.

काहरकॉनेल शेतकरी कुटुंबच सांभाळतं. मोहरच्या कड्यांकडे जाताना इथे निदान अर्धा दिवस द्या. फक्त तो बारा महिने उघडा नसतो, आधी चौकशी करून जा.