एका पॉइंटचा हिशेब

मशीनवर ३.८ आलं होतं. मी कार्डावर ३.७ लिहिलं.

काउंटरपलीकडं आजी उभ्या होत्या, हातात रिकामी किटली धरून. घरात एकच गाय. सकाळी साडेतीन लिटर, संध्याकाळी अडीच. लिहिता-वाचता येत नसल्यानं त्या रोज मलाच विचारायच्या, "किती लागली रे बाबा फॅट?"

"तीन-सात, आजी."

"तू लिहिलंस म्हंजी बरोबरच असंल. रविवारी देवळात जाणारा मानूस तू." एवढं बोलून कार्ड कमरेच्या पिशवीत खोचून त्या निघून जायच्या. हे वाक्य मी तीन वर्षं ऐकत होतो आणि तीन वर्षं एक पॉइंट कमी लिहीत होतो.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझं दूध संकलन केंद्र आहे. गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, धरून निघतो. त्या वेळी आमच्याकडं फॅटचा एक पॉइंट खाली आला की लिटरमागं ३० पैसे कापले जायचे. शेतकऱ्याला मी त्याच्या स्वतःच्या सॅम्पलवर पैसे द्यायचो. मला मात्र वरून सगळ्या कॅनच्या एकत्रित सॅम्पलवर मिळायचे. कधी ती फॅट कमी यायची, कधी ओतताना दूध सांडायचं. याला आम्ही घट म्हणतो. २०१५ च्या सुरुवातीला घटही वाढली होती आणि मुलीच्या कॉलेजची फीही भरायची होती. पहिल्यांदा पॉइंट कमी लिहिला तेव्हा मनाला सांगितलं, ही फक्त घट भरून काढतोय. महिन्याभरात घट भरून निघाली. माझा हात काही थांबला नाही.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट पुढंच आहे. ज्यांच्या गोठ्यात दहा-दहा गाई, ज्यांना मशीनवरचा आकडा वाचता येई, त्यांचा पॉइंट मी कधीच कापला नाही. कापला तो चाळीस लहान उत्पादकांचा. विधवा बायका, मजुरीला जाणारी माणसं, गुरामागं धावून दूध घालायला येणारी पोरं. पाप आंधळं असतं असं कुणी म्हटलं तर मला पटणार नाही. समोर कोण उभं आहे ते नीट बघूनच माझा हात चालत होता.

या गावात माझ्या घराला एक इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८३१ साली नगरला आली. पुढं खेडोपाडी शाळा निघाल्या आणि गावकुसाबाहेरच्या कितीतरी घरांनी ख्रिस्ताचं नाव घेतलं. त्यांतलंच एक घर माझ्या पणजोबांचं. त्यांच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं. आजोबा शाळामास्तर झाले, चाळीस वर्षं या गावात राहिले, आणि कुणाचा एक पैसा त्यांनी इकडचा तिकडं केला नाही. म्हणून चौथ्या पिढीत त्याच गावानं आपलं दूध माझ्या हाती दिलं. तो विश्वास मी कमावलेला नव्हता. तो मला वारशानं मिळाला होता, आणि मी तो तीस-तीस पैशांना विकत होतो.

या काळात माझं धार्मिक जीवन थांबलं होतं असं समजू नका. मी चर्चच्या कमिटीवर होतो. रविवारी शास्त्रवाचन करायचो, प्रभुभोजनाला पुढं जायचो. माझी आजी मला लहानपणी सांगायची, १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं संजीवन झालं, मुली गुडघ्यांवर येऊन रडत रडत पापं कबूल करत होत्या. ते ऐकून पापकबुली म्हणजे असं रडणं, एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं. आणि मी रडायचो. प्रत्येक लेंटमध्ये डोळ्यांत पाणी यायचं, मन हलकं व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला केंद्राचं शटर वर गेलं की हात पुन्हा तेच लिहायचा. हलकं झालेलं मन पाप करायला पुन्हा मोकळं होतं, हे फार उशिरा कळलं.

२०१८ चा लेंट आला. गुड फ्रायडेला आमच्याकडं वधस्तंभावरचे सात उद्गार सात जणांना वाटून दिले जातात. प्रत्येकानं एकेकावर बोलायचं. माझ्या वाट्याला दुसरा उद्गार आला, शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला येशूनं दिलेलं सुखलोकाचं अभिवचन. सोपा विषय मिळाला म्हणून मी खूश होतो. पाम संडेच्या रात्री वही-पेन घेऊन बसलो. लूकचा तेविसावा अध्याय वाचला. मग चाळता चाळता एकोणिसाव्या अध्यायावर आलो. तिथं जक्कय भेटला, यरीहोचा मुख्य जकातदार, उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा त्यानं अर्धी मालमत्ता गरिबांना देऊन टाकली आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करायचं कबूल केलं.

दोन्ही माणसं चोरच. दोघांनाही प्रभूनं जवळ केलं. एकानं मागं काही परत केलं, दुसऱ्यानं केलं नाही. असं का, याचा विचार करत बसलो आणि अंगावर काटा आला. वधस्तंभावरच्या चोराचे हात खिळलेले होते. परत करायचं म्हटलं तरी त्याला करता आलं नसतं; त्याच्याजवळ काही तासच उरले होते. जक्कयाचे हात मोकळे होते. माझेही मोकळे होते. इतकी वर्षं मी वधस्तंभावरच्या चोराची क्षमा मागत होतो, जगत मात्र होतो जक्कयाच्या सवडीत.

त्या रात्री एक अक्षर लिहून झालं नाही. बुधवारी संध्याकाळी पाळकसाहेबांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "देव क्षमा करतो, एवढं मी तुम्हाला खात्रीनं सांगू शकतो. पण ते पैसे देवाचे नव्हते, त्या बायांचे होते. शुक्रवारी तुम्ही बोलू नका. आधी कार्डं काढा." त्यांनी मला लेवीय पुस्तक उघडून दाखवलं. फसवून घेतलेलं पूर्ण परत द्यायचं आणि वर पाचवा हिस्सा, असा नियम तिथं आहे. ते असंही म्हणाले, की आपल्या भाषेत पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप, पण जुन्या करारात यासाठी वारंवार येणारा हिब्रू शब्द आहे 'शूब'. त्याचा अर्थ मागं फिरणं, परत येणं. "ताप तुम्हाला दरवर्षी होतोय," ते म्हणाले. "फिरला नाहीत अजून."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली. बऱ्याच वेळानं एवढंच म्हणाली, "म्हणजे पोरीच्या फीत आजींचे पैसे होते." मी मान हलवली. ती उठली, कंदील-बॅटरी घेतली आणि माझ्याबरोबर केंद्रावर जुन्या वह्या काढायला आली.

तीन रात्री आम्ही हिशेब केला. कोणत्या दिवशी पॉइंट कापला आणि कोणत्या दिवशी नाही, हे आठवणं शक्य नव्हतं. म्हणून रोजच कापला असं धरलं. चाळीस जणांचं मिळून दिवसाला सरासरी २५० लिटर. लिटरला ३० पैसे म्हणजे दिवसाला ७५ रुपये. तीन वर्षांचे ८२,१२५. वर पाचवा हिस्सा १६,४२५. एकूण ९८,५५० रुपये. आजींची गाय भाकड असायची ते दिवस वजा केले तर ९०० दिवस भरले. त्यांचे १,६२० आणि वरचे ३२४ धरून १,९४४. त्या वर्षी दुधाला लिटरला वीस रुपयेही मिळत नव्हते आणि जुलैमध्ये शेतकऱ्यांनी रस्त्यावर दूध ओतून आंदोलन केलं. ज्यांच्या घरात एकेक रुपया मोजला जात होता, त्यांच्याच घरातून मी हे उचललं होतं. आम्ही दावणीच्या दोन गाई विकल्या, उरलेले बायकोच्या भिशीतून घातले.

ईस्टर झाल्यावर एकेकाच्या दारात गेलो. काय झालं ते सांगितलं, पाकीट हातात दिलं, हात जोडले. एकानं चारचौघांत शिव्या घातल्या; त्या मी ऐकून घेतल्या, कारण त्यांतली एकही खोटी नव्हती. एकानं पैसे घ्यायला नकार दिला, तेव्हा पाकीट त्याच्या उंबऱ्यावर ठेवून आलो. बारा घरांनी दूध दुसऱ्या केंद्रावर न्यायला सुरुवात केली. चर्चमध्येही काहींना हे आवडलं नाही; ख्रिस्ती माणसाचं नाव गावात खराब झालं असं त्यांचं म्हणणं पडलं. नाव तर मी आधीच खराब केलं होतं, फक्त गावाला ते ठाऊक नव्हतं. कमिटीचा राजीनामा मी स्वतःहून दिला.

आजींच्या घरी सगळ्यात शेवटी गेलो. त्यांनी नोटा नातवाकडून मोजून घेतल्या. मला वाटलं आता काही बोलतील, रडतील, शाप देतील किंवा माफ केलं म्हणतील. त्या म्हणाल्या, "चहा घे." मी चहा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीच्या वेळी किटली घेऊन आल्या, पण बरोबर नातू होता. दूध मशीनला लागलं तसं त्याला म्हणाल्या, "वाच रं मोठ्यांदा." तो म्हणाला, "तीन-आठ." मी तीन-आठ लिहिलं.

त्या दिवसापासून रोज कुणीतरी आकडा मोठ्यानं वाचतं. मशीनचं तोंड मी बाहेरच्या बाजूला फिरवलं आहे आणि छापील पावती लावली आहे. हे गावासाठी केलं तितकंच माझ्यासाठीही. मोह गेलेला नाही. घट अजूनही येते, हप्ते अजूनही थकतात, आणि ज्या सकाळी खिसा रिकामा असतो त्या सकाळी बोटांना तो जुना पॉइंट आठवतो. नीतिमान जीवन म्हणजे एकदा घेतलेला निर्णय, असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, तो पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी सहाला, दिवसातून दोनदा, प्रत्येक किटलीमागं घ्यावा लागतो. म्हणून शटर उघडण्याआधी मी तिथंच उभा राहून प्रार्थना करतो. मोठी नाही. आजचा आकडा जसा येईल तसा लिहायचं बळ दे, एवढीच.

बारांतली सात घरं परत आली. पाच आली नाहीत आणि त्यांचा तो हक्क आहे.

वाचकहो, हे वाचताना तुम्हाला कुणाचं तरी देणं आठवलं असेल. एखाद्या भावाचा बांधावरचा हिस्सा, कामगाराची मारलेली हजेरी, कुणाविषयी सांगितलेलं खोटं. देवापुढं जरूर रडा, तो ऐकतो. पण हात मोकळे असतील तर रडून झाल्यावर वही काढा, हिशेब करा, आणि त्या माणसाच्या दारात जा. हे उद्यावर टाकू नका.