बाण सुटण्याआधी

शिकार म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर बंदूक, जीप आणि मेलेल्या जनावरावर पाय ठेवून काढलेला फोटो येतो. कितीतरी घरांत दादा-नानांच्या शिकारीच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. गोळी सुटते, जनावर पडते आणि गोष्ट संपते. गोळी सुटण्याआधी काय होते, ते कुणी सांगत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडची शिकार बंद केली आणि ते योग्यच झाले. म्हणून माझ्या खालाचा मुलगा अमेरिकेतून फोनवर म्हणाला, "आपा, सप्टेंबरात एल्कच्या शिकारीला जाणार आहे," तेव्हा मला ते मुळीच रुचले नाही.

तो कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरला नोकरी करतो. एल्क हे रॉकी पर्वतातले हरीण, आपल्या सांबरापेक्षाही मोठे. नराचे वजन 300 किलोच्या घरात जाते. काश्मीरचा हंगुल हा त्याचा जवळचा नातलग. पूर्ण वाढलेल्या नराच्या एकेका शिंगाला बहुधा सहा टोके असतात. उर्दूतला 'बारासिंगा' हा शब्द त्याला मोजून लागू पडतो!

खालांनी त्याला सुनावले, "फ्रिजमध्ये चिकन असताना जंगलातल्या जिवाच्या मागे कशाला लागतोस?" माझ्याही मनात तेच होते. पण त्याने माझ्यावर एक काम सोपवले. "मी मराठी शाळेत शिकलो, तू उर्दू किताबं वाचतेस. शिकारीचा मसला नीट बघून सांग. हलाल होत नसेल तर मी जाणारच नाही."

मी वाचायला बसले. सूरह माइदामध्ये शिकारीची परवानगी आहे, पण त्याच सूरहमध्ये एहरामच्या हालतीत जमिनीवरची शिकार मना आहे. जनावर अगदी हाताच्या, भाल्याच्या टप्प्यात आले तरी हात आवरायचा, हीच परीक्षा. हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांनी नबी करीम (स.) यांना शिकारीबद्दल विचारलेले प्रश्न हदीसच्या किताबांत आहेत. अल्लाहचे नाव घेऊन सोडलेल्या बाणाने धारेने जखम केली तर खावे, नुसत्या आघाताने जनावर मेले तर खाऊ नये. जनावर पाण्यात बुडालेले सापडले तरी खाऊ नये. जिवंत हाती लागले तर जबह करावे. बिस्मिल्लाह जाणूनबुजून सोडली तर हनफी मसलकात ते हराम. आम्ही कोकणातले शाफई तिला सुन्नत मानतो, पण म्हणून ती सोडावी असे कुणी सांगत नाही. बंदुकीच्या गोळीबद्दल मात्र मतभेद आहेत. ती धारेने कापत नाही, आघाताने मारते, असे आपल्याकडचे अनेक हनफी उलमा मानतात. ती शरीर भेदून जाते म्हणून हलाल, असे अरब देशांतले अनेक उलमा म्हणतात.

मी हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग धनुष्यबाणच बरा."

तिथे सप्टेंबरात धनुष्यबाणाचा वेगळा हंगाम असतो. पण धनुष्य घेतले आणि निघाले, असे चालत नाही. आधी शिकारी सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. मग परवाना, आणि अनेक भागांत त्यासाठी एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत अर्ज आणि सोडत. धनुष्याची ओढ किमान 35 पौंड हवी, बाणाच्या टोकाला पोलादी पाती हवीत. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच शिकार करता येते. अनेक भागांत नराच्या एका शिंगाला चार टोकेही नसतील आणि कपाळाजवळचे टोकही पाच इंच नसेल, तर बाण सोडायचा नाही. म्हणजे आधी मोजायचे, मग नेम धरायचा. मांस विकता येत नाही आणि खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा गुन्हा आहे.

हे सगळे ऐकताना मला वाटले, कायद्याची किताब आणि आपली किताब जागोजागी एकच सांगताहेत. थांब, बघ, मोज, वाया घालवू नकोस!

मे महिन्यापासून तो रोज संध्याकाळी फोमच्या ठोकळ्यावर बाण मारतो. सजीवाला निशाणीचा खेळ करू नये, ही हदीस मी त्याला सांगितली तेव्हा तो म्हणाला, "म्हणूनच तर ठोकळ्यावर. तीस यार्डांवर दहापैकी दहा बसत नाहीत, तोवर मी वीस यार्डांपलीकडे बाण सोडणार नाही." सुट्टीच्या दिवशी पाठीवर वजन घेऊन तो डोंगर चढतो. आपले कळसूबाई 1,646 मीटर उंच. डेन्व्हर शहरच 1,609 मीटरवर वसले आहे आणि एल्क भेटतात ते 3,000 मीटरच्या आसपास. तिथे श्वास पुरत नाही. एका नराचे हाडे काढलेले मांस 80-90 किलो भरते. एकट्याला ते तीन-चार खेपांत खाली आणावे लागते, तेही सप्टेंबरच्या उन्हात नासण्याआधी. म्हणून रस्त्यापासून किती आत जायचे हे पायांनी ठरवायचे नाही, पाठीने ठरवायचे. वाराही शिकावा लागतो. सकाळी थंड हवा उताराने खाली वाहते, ऊन चढले की वर. एल्कला माणसाचा वास आला की महिन्यांची मेहनत संपली. त्याच्या कंपासवर किब्ल्याची खूणही आहे. तिथे किब्ला ईशान्येला येतो.

मी एकदा स्पष्टच विचारले, "इतकं सगळं एका जिवाला मारण्यासाठी?"

थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "आपा, इथे मी दर आठवड्याला प्लास्टिकमध्ये बांधलेलं मटण आणतो. कुणी कापलं, जनावराला पाणी पाजलं का, सुरीला धार होती का, मला काहीच ठाऊक नसतं. हलालचं लेबल बघतो आणि निश्चिंत होतो. एकदा तरी त्या जिवाची पूर्ण जबाबदारी माझ्या हातावर असावी असं वाटतं."

त्याचे हे उत्तर मला अजून पूर्ण पटलेले नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोत एल्क जवळजवळ संपत आले होते. वायोमिंगमधून कळप आणून ते वाढवले, आज ते अडीच लाखांहून अधिक आहेत आणि परवान्यांच्या पैशातून त्यांची राखण होते, हे मला समजते. तरी जीव तो जीव. पण बकरी ईदला सुरीला धार लावायचे कामसुद्धा कसायावर सोपवून आत जाऊन बसणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याला दयेचा धडा द्यावा, हेही मला जमत नाही.

धनुष्यबाण घेऊन गेलेले बहुतेक जण रिकाम्या हातांनी परततात. त्याला हे माहीत आहे, आणि ही तयारीही तो करतो आहे. परवा म्हणाला, "आपा, दुआ कर." कसली दुआ मागावी, याचा मी रात्रभर विचार केला. शिकार मिळो, असे काही ओठांवर येईना. शेवटी फज्रनंतर एवढेच मागितले: या अल्लाह, बाण सुटायचाच असेल तर नेमका सुटू दे, आणि मनात जरा जरी शंका असेल तर त्याचा हात थांबू दे.