बिनपट्ट्यांची पोटं

19 ऑक्टोबर, वेक्सफर्ड, आयर्लंड
कादंब आले. रात्र बंदरातल्या वाळूच्या पट्ट्यांवर काढतात आणि उजाडलं की बांध ओलांडून नॉर्थ स्लॉबच्या शेतांत उतरतात. ही जमीन 1840 च्या दशकात समुद्र हटवून काढलेली. अजूनही समुद्राच्या पातळीखालीच आहे, पंपांच्या जोरावर कोरडी. ग्रीनलँडच्या पांढऱ्या कपाळाच्या कादंबांपैकी सुमारे एक तृतीयांश इथे हिवाळा काढतात.

24 ऑक्टोबर
पिल्लांची मोजणी. थवा मोजायला सराव लागतो, पिल्लं ओळखायला चिकाटी. मोठ्यांच्या कपाळावर पांढरा डाग आणि पोटावर काळे आडवे पट्टे. यंदाच्या पिल्लाला दोन्ही नाहीत. पण पक्षी मान खाली घालून चरत असतो, पोट गवतात. मान वर येईपर्यंत दुर्बीण सोडायची नाही. शंभरेक पक्षी नीट पाहिले तरी दहा पिल्लं भरेनात. सोबतच्या निवृत्त शिक्षकांनी आकडा वहीत लिहिला आणि थर्मासमधला चहा पुढे केला.

2 नोव्हेंबर
पैठणहून बाबांचा फोन. जायकवाडीवर पट्टकादंबांची वाट पाहतायत. इकडचं सांगितलं तर म्हणाले, "शिकार बंद आहे ना गं? मग कमी कशाने होतात?"

नेमका प्रश्न. 1982 मध्ये आयर्लंड-स्कॉटलंडमधल्या बंदुका थांबल्या आणि ते फळलंही. 15 हजारांच्या आसपास उरलेले कादंब 1999 पर्यंत 35 हजारांवर गेले. मग उतरण लागली. 2006 मध्ये आइसलँडनेही शिकार बंद केली, तरी ती थांबली नाही. आता संख्या जवळपास निम्म्यावर आहे. मोठे पक्षी काही जास्त मरत नाहीत. पिल्लंच पुरेशी होत नाहीत.

"म्हणजे गाव म्हातारं होत चाललंय," बाबा म्हणाले. आमच्या आळीबद्दलही ते हेच म्हणतात.

13 जानेवारी
पाऊस. काही नाही.

8 मार्च
दिवसभर वाचत बसले. कादंब मेच्या सुरुवातीला पश्चिम ग्रीनलँडला पोचतात, तेही आइसलँडहून निघून मधलं हिमपठार ओलांडून. लगेच अंडी घालत नाहीत. आधी दोन-तीन आठवडे पाणथळीत चोच खुपसून कापूसगवताचे जमिनीखालचे रसाळ भाग खायचे, प्रवासात झिजलेलं अंग भरून काढायचं, मग घरटं. चिखल बर्फाखाली असेल तर सगळंच अडतं. तापमानवाढ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वितळणारं बर्फ येतं, पण या किनाऱ्यावर 1990 च्या दशकापासून वसंतातली हिमवृष्टी उलट वाढली. समुद्र उबदार झाला की हवेत बाष्प जास्त, आणि ते तिथल्या थंडीत बर्फ होऊनच पडतं. उपाशी मादी त्या वर्षी अंडी घालतच नाही, किंवा घातली तरी पिल्लं हाती लागत नाहीत. उन्हाळा इतका आखूड की दुसऱ्यांदा मांडामांड करायला वेळच नाही.

शिवाय कोल्हे आहेतच. कॅनडा कादंबही गेल्या काही दशकांत तिथे पसरले. एकाच कुरणावर त्यांची यांच्याशी झटापट होते. मी इथे बाहेरचीच, म्हणून असेल, पण सगळं खापर उपऱ्यांवर फोडणं मला पटत नाही. बर्फाचा पुरावा अधिक जड वाटतो.

27 मार्च
एका कुटुंबाकडे बराच वेळ पाहिलं. आई, बाप आणि पट्टे आलेली दोन मोठी मुलं. या जातीत पोरं वर्षानुवर्षं आईबापांबरोबर राहतात. सोबत पहारा देणारं कोणी असलं की आईला निवांत चरता येतं. पण घरात राहिलेली मुलगी स्वतःचा संसार मांडायला तितकाच उशीर करते. संख्या चढती होती तोवर हे परवडत होतं.

17 एप्रिल
दक्षिणेचा वारा. दुपारी थवे उठले, उत्तरेला वळले. शिक्षक म्हणाले, "इथलं गवत चांगलं होतं यंदा. आपल्या हातात तेवढंच." राखीव क्षेत्रातली शेती या पक्ष्यांसाठीच राखतात. इथून ते गुबगुबीत होऊन निघतात, हे खरं. पण ती चरबी आइसलँडपर्यंतच्या उड्डाणातच बरीचशी संपते.

11 मे
पश्चिम ग्रीनलँडमधल्या कांगरलुसुआकच्या आसपासची उपग्रहचित्रं पाहिली. खोऱ्यांचे तळ काळे दिसतायत, उतार अजून पांढरे. तळ मोकळे असतील तर खायला मिळेल. अंडी महिनाअखेरीस, मग मादी सुमारे चार आठवडे उबवत बसणार, नर जवळ उभा. ऑक्टोबरच्या मोजणीला मी नाव दिलंय. पूर्वेकडची शेतं माझ्याकडे आहेत.