आडतीची पावती

२०२४ साली लातूर जिल्ह्यातल्या तीन जिनसांना भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं: बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर. बोरसुरी निलंगा तालुक्यात आहे आणि त्याच शिवारात माझं माहेर. लग्न होऊन मी नांदेडला आले ती तरोड्याकडेच राहते. येळवस सरली की दादा तुरीची रास करतो, गावाकडच्या मिनी मिलवर डाळ करून घेतो आणि आमची वर्षाची डाळ पोत्यानं पाठवून देतो. मानांकनाची बातमी वाचली तेव्हा वाटलं, आपण घरात शिजवतो त्या डाळीला पुण्या-मुंबईत आता नाव आहे. फूड सेफ्टीची नोंदणी केली, जीएसटीचा नंबर काढला आणि एका मोठ्या ऑनलाइन बाजारात दुकान मांडलं.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. दुसऱ्या वर्षी एका ग्राहकानं माझ्या डाळीवर ‘नकली माल, जीआयचा खोटा शिक्का’ अशी तक्रार केली. डाळ नकली नव्हती. दादाच्या शेतातल्या तुरीचीच होती, तिच्यात दुसरा दाणा मिसळलेला नव्हता. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात माझी बाजू फारशी शिल्लक राहत नाही.

पाकिटाचं लेबल करायला वजिराबादेत एका छपाईवाल्याकडे गेले होते. त्यानं विचारलं, जीआयचं चिन्ह टाकायचं का? केंद्र सरकारनं २०१८ मध्ये काढलेलं ते बोधचिन्ह नेटवर सहज सापडतं. मी म्हटलं, टाका, ठळक टाका. मानांकन आमच्या गावाला मिळालंय, म्हणजे गावच्या प्रत्येक पोत्याला मिळालंय, असा माझा समज. तो चूक होता. १९९९ च्या कायद्यानुसार ही नोंदणी उत्पादकांच्या संघटनेच्या किंवा तशा संस्थेच्या नावे होते. त्यापुढे ज्याला ते नाव हक्कानं वापरायचं त्यानं चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीत ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची वेगळी नोंद करायची असते. शेतमालाच्या बाबतीत हा कायदा माल पिकवणाऱ्याबरोबर त्यावर प्रक्रिया करणाऱ्याला आणि तो पाकिटात भरणाऱ्यालाही उत्पादक मानतो. म्हणजे दादाला अर्ज करता आला असता, तसा मलाही. २०२० मध्ये नियम बदलून या अर्जाची फी ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आणली गेली. लेबलच्या छपाईवर मी हजारो रुपये घातले आणि दहा रुपयांचा हा अर्ज असतो याची साधी चौकशीसुद्धा केली नाही. मानांकनाचं खोटं नाव लावणाऱ्याला याच कायद्याच्या ३९ व्या कलमात किमान सहा महिन्यांची कैद आणि किमान ५० हजारांचा दंड आहे. माझ्या पाकिटातली डाळ खरी होती, पण तिच्यावर ते चिन्ह छापायचा हक्क मला कुणी दिलेला नव्हता.

तक्रार करणारे गृहस्थ पुण्याचे. त्यांनी पाच किलो डाळ मागवली होती. तक्रारीआधी त्यांनी मला मेसेज करून तीन गोष्टी विचारल्या होत्या: डाळ कोणत्या शेतकऱ्याची, कोणत्या मिलवर भरडली, आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमचा नोंदणी क्रमांक काय. त्या दिवसांत लग्नसराई होती, ऑर्डरी तुंबल्या होत्या. मी उत्तर लिहिलं, ‘शंभर टक्के ओरिजिनल आहे सर, निश्चिंत राहा.’ तिसऱ्या प्रश्नाचा अर्थ मला कळलाच नव्हता, आणि कळला नाही हे कबूल करावंसं वाटलं नाही. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मात्र मला तोंडपाठ होती. ती लिहिली असती तरी पुढचं बरंच टळलं असतं.

त्यांची शंका कुठून आली तेही नंतर नीट वाचल्यावर उमगलं. याच नावाची डाळ त्यांनी आधी दुसरीकडून घेतली होती. ती पिवळीधमक, गुळगुळीत, एकसारखी होती. माझी डाळ मळकट, हाताला पीठ लागणारी, काही दाण्यांच्या कडा तुटलेल्या, कुठे साल चिकटून राहिलेली. मोठ्या मिलमध्ये शेवटी पाण्याचा किंवा तेलाचा हात देऊन डाळीला चकाकी आणतात. दादा ज्या मिलवर जातो तिथे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं तयार केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल आहे. आमची डाळ तिथून पॉलिश न करताच निघते. फोटो शेजारी शेजारी ठेवून त्यांनी ठरवलं की चकाकणारी खरी आणि ही नकली. निष्कर्ष उलटा होता. पण ज्या माणसानं पैसे मोजलेत, ज्याला विचारूनही उत्तर मिळालं नाही आणि ज्याच्या पाकिटावर सरकारी चिन्ह आहे, त्यानं असा निष्कर्ष काढला तर तो लुच्चा ठरत नाही. हे मी आज म्हणते. तेव्हा मला ते फुकट डाळ खाऊन पैसे परत मागणारे वाटले.

अशा मंडळींच्या गोष्टी आम्ही विक्रेते एकमेकांना रोज सांगतो. साडी नेसून परत करणारे, पार्सलात भलताच माल भरून पाठवणारे. त्या खऱ्याही असतात. पण त्या ऐकून ऐकून माझं मन आधीच तयार होऊन बसलं होतं. तक्रार आली आणि मी माणूस न बघताच त्याला त्या रांगेत उभं केलं.

ऑनलाइन बाजाराच्या कंपनीनं डाळीचं पान बंद केलं, माझे येणं असलेले पैसे रोखले आणि माल कुठून घेतला त्याचे कागद मागितले. पैसे अडकले त्या महिन्यात धाकट्याची शाळेची फी भरायची होती. हे सांगते आहे ते सबब म्हणून नाही. मी किती घाबरले होते तेवढं कळावं म्हणून.

त्या रात्री कुरिअरच्या चिठ्ठीवरून त्यांचा नंबर काढला आणि फोन लावला. माल पोचवण्यासाठी दिलेला नंबर भांडायला वापरणं चूक आहे हे मला माहीत होतं. पहिलं वाक्य शांतपणे बोलले, दुसऱ्यापासून आवाज चढला. शेवटी मी म्हणाले, ‘तुमचा पत्ता आहे माझ्याकडे, माणूस पाठवून डाळ परत नेते.’ माझ्या मनात तेव्हा खरंच डाळ परत घ्यायचीच होती. पण रात्रीच्या वेळी अनोळखी बाई चढ्या आवाजात ‘पत्ता आहे, माणूस पाठवते’ म्हणते तेव्हा ऐकणाऱ्याला काय ऐकू येतं? त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक तक्रार नोंदवली, धमकीची. पहिली तक्रार खोटी होती. ही खरी होती, आणि ती मीच त्यांच्या हातात दिली होती.

एवढ्यावर थांबले नाही. त्यांच्या अभिप्रायाखाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं की असे ग्राहक गरीब शेतकऱ्याच्या पोटावर पाय देतात. माहेरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भाचरांना सांगितलं की पाच-पाच तारे द्या. त्यातल्या कुणी माझ्याकडून कधी पावशेरसुद्धा डाळ विकत घेतली नव्हती. विक्रेत्यानं ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय लिहू नये, हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि महिन्याभरात ती मिटवावी, हेही त्यातच आहे. मी ते नियम वाचले ते सगळं घडून गेल्यावर.

आणि मग ती पावती. कंपनीला खरेदीचं बिल हवं होतं. भावाकडून आलेल्या डाळीचं बिल कुठून आणणार? लातूरला आमच्या नात्यातले एक काका आडतीवर बसतात. त्यांना गळ घातली. त्यांनी काही न विचारता तीन क्विंटल तुरीची पावती फाडून दिली, आणि मी ती फोटो काढून पाठवून दिली. व्यवहार झालेला नाही, तूर त्या आडतीवर कधी उतरलेली नाही, हे मला पुरतं ठाऊक होतं. मनाची समजूत अशी घातली की माल तर खरा आहे, कागद फक्त त्यांच्या समाधानासाठी. कंपनीच्या माणसांनी ती लगेच पकडली. पावतीवर तारीख मार्चची होती आणि माझ्याच पाकिटावर पॅकिंगचा महिना फेब्रुवारी छापलेला होता. शिवाय पावती तुरीची, ती बोरसुरीची असल्याचं त्यावर कुठेच नाही. डाळ खरी असूनही बनावट कागद देणारी विक्रेती म्हणून माझं खातं बंद झालं.

मधल्या काळात हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत नमुनाही पाठवला होता. अहवाल स्वच्छ आला: रंग नाही, लाखेच्या डाळीची भेसळ नाही. मी तो मोठ्या अभिमानानं जोडला. पण त्या गृहस्थांनी भेसळ आहे असं म्हटलंच नव्हतं. ही डाळ त्या गावची नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्या अहवालात गावाबद्दल एक अक्षर नव्हतं. प्रश्न न वाचता उत्तर लिहायची माझी सवय तिथेही सुटली नाही.

हे सारं मी दादापासून लपवलं होतं. त्याच्या मालाला कुणी नकली म्हटलं हे त्याला सांगवत नव्हतं. खातं बंद झाल्यावर सांगणं भाग पडलं. तो अहमदपूर-लोह्यामार्गे एसटीनं आला, सगळं ऐकून घेतलं, पावतीचा फोटो बघितला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘अगं, खोटा कागद कशाला जोडायलीस? खरा घरात पडलाय की. सातबारा कशाला आहे मग?’ ई-पीक पाहणी राज्यभर २०२१ च्या ऑगस्टपासून सुरू झाली. शेतकरी उभ्या पिकाचा फोटो मोबाइलवरून स्वतःच भरतो आणि पीकपेरा सातबाऱ्यावर चढतो. दादानं तो दरवर्षी भरलेला होता. गट नंबर, तूर, क्षेत्र, सगळं सरकारी नोंदीत. मिनी मिलवाल्याची वही होती, त्यात दादाच्या नावापुढे किती तूर आली, किती डाळ निघाली, किती चुनी निघाली ते लिहिलेलं. तिथे एका वेळी एकाच शेतकऱ्याचा माल भरडतात, म्हणून मिसळ होण्याचा प्रश्नच नव्हता. पहिल्याच दिवशी दादाला एक फोन केला असता तर हे कागद संध्याकाळपर्यंत माझ्या मोबाइलवर आले असते.

त्याच्या समोर बसूनच कंपनीला पत्र लिहिलं. आडतीची पावती खोटी आहे, चिन्ह मी परवानगीशिवाय छापलं, फोन करून मी ग्राहकाला भीती वाटेल असं बोलले, काही अभिप्राय माझ्या नात्यातल्यांचे आहेत ते काढून टाका. सोबत सातबारा, मिलच्या वहीचं पान आणि दादाचं सहीचं पत्र. काकांच्या नावाला धक्का लागू नये म्हणून पावती मी मागून घेतली, त्यांना कारण सांगितलं नव्हतं, असं लिहिलं. तेही खरंच होतं. काकांकडे नंतर जाऊन सगळं सांगून आले. ते रागावले नाहीत, आणि त्याचा मला जास्त त्रास झाला.

नकली मालाची तक्रार टिकली नाही, तसं कंपनीनं कळवलं. ग्राहकाचे पैसे वळते करून माझे उरलेले पैसे दिले. खातं मात्र बंदच ठेवलं आणि त्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. माझ्या ओळखीच्या बायका म्हणतात की एका खोट्या तक्रारीनं तुझं दुकान बुडवलं. मी त्यांना दर वेळी दुरुस्त करते. त्या तक्रारीनं फार तर पाच किलो डाळीचे पैसे गेले असते. दुकान पावतीनं आणि फोननं बुडालं.

त्या गृहस्थांची माफी मागायची राहून गेली आहे. त्यांचा नंबर माझ्याकडे होता, तो मी खोडून टाकला. पुन्हा फोन करणं म्हणजे ज्याबद्दल माफी मागायची तेच पुन्हा करणं. कंपनीमार्फत चार ओळी पाठवल्या होत्या, त्या पोचल्या की नाही कळायला मार्ग नाही. त्यांचा एक तारा आणि ‘नकली’ हा शब्द बंद पडलेल्या त्या पानाबरोबर गेला. त्यांच्या घरी मात्र आजही मी नकली डाळ विकणारी आणि वर धमकावणारीच असणार.

आता डाळ नांदेड-लातुरातल्या ओळखीवर आणि बचत गटांच्या प्रदर्शनांत विकते. जुनी लेबलं चिन्हासकट फाडून टाकली. नव्या पाकिटावर शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, मिलचं गाव आणि भरडल्याचा महिना असतो. ‘पॉलिश न केलेली, दाणे एकसारखे नसतात’ असंही छापलंय, कारण फोटो बघून घेणाऱ्याला ते आधीच कळायला हवं. पाकीट भरताना त्या घाण्याची मूठभर डाळ तारीख लिहून बाजूला ठेवते. अधिकृत वापरकर्त्याचा अर्ज दादाच्या नावानं भरला आहे, संघटनेची संमती जोडली आहे आणि नोंद व्हायची वाट बघतो आहोत. तोवर पाकिटावर ‘जीआयसाठी अर्ज केला आहे’ असं छापावं, असं दादाचं म्हणणं. तो म्हणतो, त्यात खोटं काय आहे? खोटं काही नाही. पण घाईत वाचणारा ‘जीआय’ एवढंच वाचतो, म्हणून मी ते छापत नाही. यावरून आमचं अजून भांडण चालू आहे.