दोन मॅग्नेटो, एकच हवा

सेसना १५२ या शिकाऊ विमानाचं काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडून पाहणारा नवा विद्यार्थी बहुधा थोडा हिरमुसतो. एवढंच? चार सिलिंडर, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, आडवे झोपलेले. रेडिएटर नाही, पाणी नाही, सिलिंडरवरच्या पात्यांमधून वाहणारी हवाच सगळं थंड ठेवते. गिअरबॉक्स नाही, प्रॉपेलर थेट क्रँकशाफ्टवर बसवलेला. लायकमिंगचं हे ओ-२३५ इंजिन २,५५० आरपीएमवर ११० अश्वशक्ती देतं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या पुस मॉथचं इंजिनही चार सिलिंडरचं आणि हवेवरच थंड होणारं होतं. इतक्या वर्षांत मूळ रचना फारशी हलली नाही, आणि मला त्याचं समाधान वाटतं. या इंजिनात कशाचं काय होतं हे माणसाला डोळ्यांनी पाहता येतं, बोटांनी चाचपता येतं.

विद्यार्थ्यांना मी आधी एकच गोष्ट शिकवतो. या इंजिनात जोडीनं काय आहे आणि एकटं काय आहे, ते ओळखा. ठिणगी जोडीनं आहे. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, आणि त्यांना वीज पुरवणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो. त्यांना बॅटरी लागत नाही. बॅटरी संपली, अल्टरनेटर गेला, तरी इंजिन फिरतंय तोवर मॅग्नेटो ठिणगी देत राहतात.

उड्डाणाआधी १,७०० आरपीएमवर एकेक मॅग्नेटो बंद करून पाहायचा. एकावर चालताना फेऱ्या थोड्या उतरतात. ही घट १२५ च्या आत हवी आणि दोघांतला फरक ५० च्या आत. हे आकडे सगळे पाठ करतात. पण घट अजिबातच झाली नाही तर मुलं खूश होतात, आणि तिथे मी त्यांना थांबवतो. मॅग्नेटो बंद होतो तो वीज तोडून नव्हे, तर एका बारीक तारेनं त्याची वीज इंजिनाच्या धातूत उतरवून. ती तार तुटली की चावी ‘ऑफ’ दाखवते आणि मॅग्नेटो जागाच राहतो. अशा वेळी कुणी सहज प्रॉपेलर हातानं फिरवला आणि सिलिंडरमध्ये थोडं पेट्रोल उरलेलं असलं, तर इंजिन धडधडत उठू शकतं. म्हणून उभ्या विमानाच्या प्रॉपेलरला मी कधीही मेलेला समजत नाही. म्हणूनच इंजिन बंद करायचं ते चावीनं नाही, लाल मिक्श्चर नॉब पूर्ण ओढून, म्हणजे सिलिंडर पेट्रोलविना रिकामे होऊन थांबतात.

एकट्या गोष्टी तीन: हवा, इंधन, ऑइल. माझा जीव त्यांच्यात अडकलेला असतो, आणि चंद्रपुरात सगळ्यांत जास्त हवेत.

चंद्रपूरजवळच्या मोरव्याची आमची धावपट्टी समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर उंच. कागदावर इथली हवा दाट असायला हवी. पण मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की हवा इतकी विरळ होते, की इंजिनाला आणि पंखाला आपण साडेचार हजार फुटांवर आहोत असं वाटू लागतं. म्हणजे महाबळेश्वरची उंची, ती थंडी वजा करून. ११० अश्वशक्तीच्या इंजिनाकडून तेव्हा शंभरही हाती लागत नाही. प्रॉपेलरची पकड सैल होते, पंखाची उचल कमी पडते, धावपट्टी जास्त खाल्ली जाते. हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच, म्हणून मिश्रणही गरजेपेक्षा दाट होतं. उड्डाणाआधी मिक्श्चर थोडं ओढून जास्तीत जास्त आरपीएम मिळवा, ही सूचना हँडबुकात तीन हजार फुटांवरच्या विमानतळांसाठी दिलेली असते. मोरव्यातल्या माणसानं ती मे महिन्यात आपल्यासाठीही वाचावी, असं माझं ठाम मत आहे. आणि खरा उपाय म्हणजे पहाटे उडावं, ऊन चढायच्या आत परत यावं.

हवेतली दुसरी अडचण धूळ. एका बाजूला दुर्गापूर-पद्मापूरच्या उघड्या कोळसा खाणी, दुसरीकडे घुग्घुस, जवळच औष्णिक केंद्र. इथलं एअर फिल्टर झटकलं की हातावर काळपट भुकटी येते. तीच भुकटी सिलिंडरमध्ये गेली तर पिस्टनच्या रिंगा झिजवते. आता एक बारीक खोच बघा. कार्ब हीटचा दांडा ओढला की गरम हवा फिल्टरला वळसा घालून थेट आत येते. म्हणून चाचणीपुरता तो दांडा ओढा आणि लगेच ढकला, जमिनीवर उगाच ओढून ठेवू नका.

पण हवेत तोच दांडा जीव वाचवतो. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात पेट्रोल उडून जाताना हवा वीस अंशांहून जास्त थंड होऊ शकते. बाहेर पंचवीस अंश असले तरी आत बर्फ धरतो. इरई धरणावरून येणाऱ्या पावसाळी, ओलसट हवेत तर नक्कीच. लक्षण साधं आहे, आरपीएम हळूहळू गळू लागतं. कार्ब हीट ओढल्यावर आधी ते आणखी उतरतं, इंजिन खडखडतं, कारण वितळलेलं पाणी ते गिळत असतं. घाबरून दांडा परत ढकलायचा मोह तिथेच होतो. ढकलू नये. थोडा धीर धरला की फेऱ्या पूर्ववत चढतात.

इंधनाचं म्हणाल तर अ‍ॅव्हगॅस १०० एलएल निळसर असतं. इंडियन ऑइल ते २०२२ पासून वडोदऱ्याला बनवू लागली, त्याआधी परदेशातून यायचं. रोज सकाळी टाकीच्या तळातून ड्रेन कपात थोडं काढून उजेडात धरायचं. खाली बिनरंगी थेंब दिसला की ते पाणी. सगळा कपच बिनरंगी असेल तर जास्तच सावध व्हावं, कारण तेव्हा रंगातला फरकच दिसत नाही. आणि पंखाखालची व्हेंटची नळी बघायची. रान जवळ असल्यानं कुंभारमाशी चार दिवस उभ्या विमानाची एकही नळी सोडत नाही. व्हेंट मातीनं बुजली की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल उतरायचं थांबतं.

आमचा हेल्पर असे बारकावे टिपण्यात माझ्याहून तयार आहे. एकदा रनअप, म्हणजे उड्डाणाआधीची इंजिनाची चाचणी, चालू असताना तो माझ्या कानाशी ओरडला, “सर, मागच्या सिलिंडरचा वास वेगळा येऊन राह्यला जी!” काउलिंग काढलं. सिलिंडरभोवती हवा अडवून खाली वळवणारी रबरी पट्टी उन्हानं कडक होऊन उलटी दुमडली होती. हवा सिलिंडर थंड न करता वरच्या वर निसटत होती. पट्टी हातभर लांबीची. ती तशीच राहिली असती तर त्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गेला असता.

ऑइल चार क्वार्टच्या खाली असेल तर उडायचं नाही. बदलताना फिल्टर कापून त्याची घडी उलगडायची, धातूचे कण चमकतात का ते पाहायचं. यात चर्चेला जागा नाही.

हे सगळं मी इतकं धरून बसतो त्याचं कारण खाली पसरलेलं आहे. इंजिन गप्प झालं तर सेसना १५२ साठ नॉटच्या वेगानं हजार फुटांमागे अडीच किलोमीटरच्या आसपास तरंगत जाते. चंद्रपूरहून मूलकडे निघालं की चिचपल्लीचं रान लागतं. मूल-सावलीच्या पुढे गडचिरोलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, दिसतात, पण प्रत्येक बांधीला धुरा, म्हणजे मातीचा बांध, आहे, आणि धुऱ्याला पुढचं चाक अडकलं तर विमान उलटतं. म्हणून धुऱ्याला समांतर, सगळ्यांत लांब बांधी निवडायची. वैनगंगेची वाळू वरून सपाट दिसते, पण ती चाकं गिळते. आलापल्लीच्या पुढे तर सागाखेरीज काही नाही. म्हणून विद्यार्थ्यानं नकाशा काढला की मी त्याला इंजिनाबद्दल आधी काही विचारत नाही. विचारतो, कोणत्या रस्त्याच्या कडेनं जाणार, किती उंचीवरून, आणि अमुक ठिकाणी आवाज थांबला तर कोणती बांधी? उत्तर येईपर्यंत लॉगबुकावर सही करायची घाई मला नसते.