पोटखराबा

पौषांतला दिवस हा घाईच्या पाहुण्यासारखा असतो. पाणी पिऊन होतें न होतें तोंच त्याच्या पायांत वहाणा चढलेल्या असतात. हें ठाऊक असूनहि परवां आम्ही सायंकाळीं साडेपांचाला, म्हणजे सुज्ञ मनुष्य घराकडे वळतो त्या वेळीं, भामचंद्राच्या पायथ्याच्या माळावर एकटेच फिरावयास निघालों. येथें ‘आम्ही’ म्हणजे एकच मनुष्य, हें वाचकांस सांगावयास नकोच. परंतु एकट्यानें माळावर गेलें म्हणजे हें अनेकवचन थोडेंसें सोबतीस होतें, असा आमचा अनुभव आहे.

चाकणच्या पश्चिमेस, शिंदे-वासुलीच्या बाजूला हा डोंगर आहे. देहूच्या तुकोबांनीं भंडारा, घोरावडेश्वर आणि भामचंद्र या तीन डोंगरांवर एकांत केला, असें परंपरा सांगते. आमचें प्रयोजन इतकें थोर नव्हतें. आमच्या खिशांत सातबाराचा एक उतारा होता. आमच्या वडिलार्जित जमिनीपैकीं २२ गुंठे त्यांत ‘पोटखराबा’ या सदरीं मांडलेले आहेत. पोटखराबा म्हणजे शेताच्या पोटांतला, पण पिकास निरुपयोगी ठरलेला तुकडा. सरकार त्यावर साराहि आकारीत नाहीं. पिकाऊ जमीन आम्हां भावांनीं केव्हांच विकली. त्या वेळीं या तुकड्याकडे कोणी ढुंकूनहि पाहिलें नाहीं. आतां त्यासहि गिऱ्हाईक आलें आहे, आणि कागदावर धाकट्या भावाच्या सहीशेजारीं आमच्या सहीपुरती जागा तेवढी मोकळी आहे. सही करण्यापूर्वीं एकवार माल डोळ्यांखालून घालावा, एवढाच आमचा व्यापारी हेतु होता.

माल पाहूं गेल्यास कांहीं नव्हता. काळा कातळ, त्यावर बोटभर मुरूम, आणि मुरुमावर गुडघाभर वाळलेलें पिंवळें गवत. परंतु उतरतें ऊन त्या गवतांत शिरलें आणि पाहतां पाहतां सगळा माळ आंतून दिवा लावल्यासारखा उजळला. आमच्या पायमोज्यांस कुसळें लागलीं होतीं. लहानपणीं वडिलांबरोबर गुरांमागें येथेंच येत असूं, तेव्हां हीं कुसळें म्हणजे निव्वळ शिक्षा वाटे. पुढें कळलें कीं, तें त्या गवताचें नांगरणें आहे. बियाला पुढें अणकुचीदार टोंक असतें आणि मागें पिळाची लांब शेपटी. दंवानें ती भिजली म्हणजे पीळ सुटतो, उन्हानें वाळली म्हणजे पुन्हा बसतो. आणि अशा रोजच्या पिळण्या-सुटण्यानें बीं फिरकीसारखें मातींत शिरतें. वरून वाळलेल्या या गवताचीं मुळें खालीं जिवंतच असतात; पहिला वळीव झाला कीं, कोणीं पेरल्यावांचून तें हिरवें होतें. ज्या जमिनीस पिकवितां येत नाहीं असें आपण लिहून ठेवलें, ती आपली आपण पिकतच असते. फक्त तें पीक आपल्या सदरांत बसत नाहीं.

सूर्य मावळाच्या डोंगरांमागें उतरूं लागला, तोंच गवताच्या शेंड्यांस जणूं पोट घांशीत एक भोवत्या पक्षी तरंगत आला. हा शिकारी पक्षी मध्य आशियांतील गवताळ मुलखांतून हिंवाळ्यापुरता आपल्याकडे येतो, आणि झाडावर न बसतां गवतांत, जमिनीवरच रात्र काढतो. त्यानें दोन घिरट्या घातल्या आणि आमच्या पोटखराब्यापासून फार दूर नव्हे, अशा जागीं तो अलगद खालीं उतरला. सहस्रावधि मैलांवरून येऊन त्यानें जी जागा मुक्कामास योग्य ठरविली, ती केंद्र सरकारच्या नकाशांत ‘पडीक’ या रंगांत रंगविली जाते.

परंतु एवढ्यावरून कारखान्यांस शिव्या देऊन मोकळें होण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला; पुढें कांहीं वर्षांनीं आमचे वडील गुरांमागून उठून तेथें पाळीवर जाऊं लागले, आणि त्या पगारावर आम्ही शिकलों. १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. मग चिंचवड, भोसरी, आकुर्डीचे माळ एकामागून एक गेले. १९७० सालीं तेथें नगरपालिका झाली व १९८२ सालीं महानगरपालिका. ज्या माळासाठीं आज आम्हांस हळहळ वाटते, त्याच्याच थोरल्या भावाच्या पाठीवर आमचें राहतें घर उभें आहे.

हा विचार करीत असतांनाच अंधार पडला. उन्हाळ्यांतल्याप्रमाणें रेंगाळणारा संधिप्रकाश नाहीं. कोणीं फुंकर घालावी तसा उजेड गेला. येतांना जी पाऊलवाट धरली होती, ती एका नव्या तारेच्या कुंपणाशीं येऊन तुटली. ज्या माळावर डोळे मिटून धांवत होतों, त्यावर आम्ही चांगले पाव तास चुकलों. थंडी कानांशीं येऊन बसली. शेवटीं दिशा दाखविली ती पूर्वेच्या कारखान्यांच्या दिव्यांनीं. त्यांच्याकडे तोंड करून चालत गेलों आणि सडकेस लागलों. त्या दिव्यांचे उपकार मानावेत कीं त्यांच्यामुळें चांदण्या दिसेनाशा झाल्या म्हणून रागवावें, हें तेव्हां ठरेना, आणि आतांहि ठरत नाहीं.

तुकोबा व्यवसायानें वाणी होते. त्यांनीं आपल्या वांट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत बुडविलीं, असें सांगतात. हिशेब कळत नसणाऱ्यानें वही फेंकली तर त्यांत नवल नाहीं. त्यांस तो पुरता कळत होता. आमच्यापाशीं तेवढें बळ नाहीं. घरीं येऊन भावास फोन केला तो इतकेंच सांगण्यासाठीं कीं, एक पावसाळा थांबूं.

“पावसाळ्यांत काय होणार आहे तिथं?” त्यानें विचारलें.

“गवत.”

तो हंसेल असें वाटलें होतें, हंसला नाहीं. थोड्या वेळानें म्हणाला, “गिऱ्हाईक तोंवर थांबायचं नाहीं, दादा.”

तें खरें आहे. उतारा आम्हीं पुन्हा कपाटांत ठेवला आणि पायमोज्यांतलीं कुसळें उपसावयास बसलों. सतरा निघालीं. अठरावें बोटांत मोडलें. तें अद्याप सलतें आहे.