ओला चिरा

संपादकांनी दिवाळी अंकासाठी ‘संगणकावरची चमक’ हा विषय सुचवला आणि प्रस्तुत लेखकाला पहिल्यांदा आठवली ती मालगुंडची चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत. केशवसुतांच्या या गावात होऊ घातलेल्या एका घराचं पावसाळी चित्र तो करत होता. घरमालकांचा निरोप एवढाच होता, ‘भिंत ओली दिसू दे, जरा चमक वाढवा.’ चमक वाढवली, तर जांभा प्लॅस्टिकचा दिसू लागला.

थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ‘क्लियरकोट’ नावाची सोय असते. वस्तूच्या पृष्ठभागावर दुसरा पातळ, पारदर्शक थर चढवायचा. मोटारीच्या रंगावरचं वार्निश, सावंतवाडीच्या गंजिफांवरची लाख, चिऱ्यावरचं पावसाचं पाणी, सगळ्यांचं गणित एकच. डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत हा थर होता. तिथून तो अनेक सॉफ्टवेअरमध्ये पसरला. बर्लींनी थराचा अपवर्तनांक, म्हणजे तो प्रकाश किती वाकवतो तो आकडा, १.५ असा कायमचा धरला. वार्निशला तो चालतो. पाण्याचा मात्र १.३३ आहे. फरक किरकोळ वाटेल, पण समोरून पाहताना १.५ चा थर ४ टक्के प्रकाश परतवतो आणि पाणी जेमतेम २ टक्के. नजर ८० अंशांपर्यंत तिरपी झाली की तेच पाणी सुमारे ३५ टक्के परतवतं. तेव्हा ओल्या भिंतीची चमक समोर उभं राहून शोधू नये, भिंतीच्या कडेनं पाहावं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये थराचा अपवर्तनांक बदलण्याची मुभा २०२३ च्या ४.० आवृत्तीत आली.

इथवर चमकीचं झालं. खरा गैरसमज पुढे आहे, आणि तो ग्राहकांइतकाच व्यवसायातल्या मंडळींमध्येही आहे. ओला दगड चकाकतो त्याहून जास्त काळवंडतो.

याची मीमांसा स्वीडनच्या अँडर्स ऑंगस्ट्रॉम यांनी १९२५ मध्येच केली होती. प्रकाश पाण्याच्या पापुद्र्यातून आत जातो, दगडावर आपटून चहूकडे विखुरतो. बाहेर पडताना साधारण ४९ अंशांहून तिरपे किरण पाण्यातच अडकतात आणि पुन्हा दगडावर येतात. असा जवळपास निम्मा प्रकाश माघारी वळतो आणि प्रत्येक फेरीत दगड त्यातला वाटा गिळतो. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीचं यात फारसं बिघडत नाही. लाल जांभ्याचं बिघडतं, शिवाय त्याची भोकं पाण्यानं भरली की प्रकाश आणखी खोल शिरतो. बर्लींच्या मूळ मांडणीत हे काळवंडणं धरलेलंच नव्हतं. पृष्ठभागांच्या वर्णनासाठीच्या २०२४ च्या ओपनपीबीआर मानकात त्यासाठी वेगळी सोय झाली. तरीही घरांच्या पावसाळी चित्रांत आजसुद्धा कोरड्या रंगावर नुसती काच चढवलेली दिसते, आणि ते पाहून जीव कासावीस होतो. कोकणातल्या माणसानं तरी ते खपवून घेऊ नये.

त्यात चिरा पाणी पितो. थर सगळ्या भिंतीवर सारखा चढवणं हेच मुळात चूक. पागोळ्यांचे शिंतोडे उडतात त्या खालच्या ओळींत आणि पायऱ्यांवर पाणी साचून पापुद्रा धरतो. तिथे क्लियरकोट पूर्ण, त्याचा रफनेस (खडबडीतपणा) कमी. त्याच्या वर नुसती ओल, म्हणजे रंग गडद पण चमक जवळजवळ नाही. वळचणीखाली भिंत कोरडी.

रंग नेमका हवा असेल तर ओल्या चिऱ्याचा फोटो शेजारी करडं कार्ड ठेवून, पोलरायझिंग फिल्टरनं चमक काढून घ्यावा. मात्र त्या फोटोत काळवंडणं आधीच उतरलेलं असतं. म्हणून अशा वेळी सॉफ्टवेअरमधली काळवंडण्याची सोय शून्यावर ठेवायची, नाहीतर भिंत दोनदा काळी होते.